बदललेला सूर आणि नाराज श्रोता

(सुरत येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सुरतेत गाण्यावर बोलायचं तर मला आधी हरिपुऱ्याला जावं लागतं. ते याच जिल्ह्यात आहे, याच तापीच्या काठी. 1938च्या फेब्रुवारीत सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, हे आपण शाळेत शिकलो. त्या अधिवेशनाच्या तयारीच्या दिवसांत तिथं एका मराठी गवयाने देह ठेवला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. नारायण मोरेश्वर खरे त्यांचं नाव. साबरमती आश्रमातले पंडित खरे. 1930 साली गांधीजींबरोबर दांडीला पायी निघालेल्या सत्याग्रहींत ते होते, आणि एप्रिलच्या सुरुवातीला ती यात्रा या सुरत शहरातून पुढे गेली. वाटेवरच्या प्रार्थनासभांमध्ये जे भजन होई, त्याच्यामागे खऱ्यांचा गळा होता.

पंडित खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ग्वाल्हेरची तालीम झालेले, ख्यालाची बैठक पक्की असलेले. मैफलीत बसले असते तर नाव काढलं असतं, अशी तयारी. पण गांधीजींनी विष्णु दिगंबरांकडे आश्रमासाठी एक संगीतशिक्षक मागितला, बुवांनी खऱ्यांना पाठवलं, आणि खऱ्यांनी उरलेलं आयुष्य सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला देऊन टाकलं. आश्रम भजनावली त्यांनी तयार केली. ज्यांना गळा नाही, ताल नाही, अशा शेकडो माणसांना एका सुरात आणायचं काम त्यांनी केलं. देशाच्या दृष्टीने हे केवढं मोठं काम! पण ज्यांनी त्यांना विद्यार्थिदशेत ऐकलं असेल, ज्यांनी ‘हा मुलगा उद्या मैफल गाजवणार’ म्हणून वाट पाहिली असेल, त्यांना काय वाटलं असेल? त्यांच्या मनातलं कुणी लिहून ठेवलेलं नाही. नाराज श्रोत्याचा इतिहास सहसा लिहिलाच जात नाही.

तो आज थोडा सांगावा, असं माझ्या मनात आहे. आपण एखाद्याच्या गाण्यावर जीव लावतो आणि एके दिवशी तो वेगळंच गाऊ लागतो. तेव्हा जे तुटतं, त्याविषयी मला बोलायचं आहे. हे दुःख हसण्यावारी नेण्यासारखं नाही, असं मी मानतो. आणि या दुःखाच्या भरात श्रोता जो निवाडा देतो तो बहुतेक वेळा घाईचा असतो, असंही मी मानतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, म्हणून तर हा विषय अवघड आहे.

खऱ्यांचे गुरू विष्णु दिगंबर यांचंच पाहा. जन्म 1872चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, मग गुजरातेत आणि काठेवाडात फिरून पुढे उत्तरेत गेले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवई म्हणजे दरबारातला नोकर, हे समीकरण या माणसाने मोडलं. तिकीट लावून जाहीर जलसे केले, स्वरलिपी बनवली, मुलामुलींच्या हाती गाण्याची पुस्तकं दिली. असा हा कर्ता पुरुष पुढे पुढे रामनामात बुडाला. भगवी वस्त्रं आली, नाशिकला रामनाम आधाराश्रम आला, ख्यालाच्या जागी रामधून आली. रघुपती राघवची जी चाल आज देशभर म्हटली जाते, तिचं श्रेय त्यांना दिलं जातं. मुंबईतली महाविद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. ज्यांनी बुवांचे ख्याल ऐकले होते ते हळहळले. तशी तान असलेला माणूस टाळ घेऊन नामस्मरण करत बसतो, हे त्यांच्या पचनी पडेना. 1931मध्ये मिरजेला बुवा गेले, तोवर ही हळहळ चालूच होती.

बुवांच्या शिष्यपरिवाराकडे पाहिलं की एक मोठी गमतीची गोष्ट दिसते. विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी गुरूची गायकी जपली. बुवांचे चिरंजीव डी. व्ही. पलुस्कर अवघ्या चौतिसाव्या वर्षी 1955मध्ये गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी ग्वाल्हेरचं गाणं इतकं निर्मळ गायलं की आजही त्यांची ध्वनिमुद्रिका लावली की घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. आणि याच घरातून ओंकारनाथ ठाकूर निघाले, ज्यांनी गुरूच्या गाण्याचा चेहराच बदलला.

ओंकारनाथ हे आपले शेजारी. जन्म 1897चा, खंभातजवळच्या जहाज गावचा. वाढले भरुचला, नर्मदेकाठी. घरची अत्यंत गरिबी. भरुचच्या एका पारशी गृहस्थाने मुलाचा गळा ओळखला आणि त्याला मुंबईला विष्णु दिगंबरांकडे पोहोचवलं. विशीत पोहोचता पोहोचता गुरूने त्याच्यावर लाहोरच्या विद्यालयाची जबाबदारी टाकली. पुढे भरुचला परत येऊन त्यांनी स्वतःची शाळा काढली, काँग्रेसचं काम केलं, युरोपचा दौरा केला. त्या दौऱ्याच्या काळातच, 1933 साली, त्यांची पत्नी इंदिरादेवी बाळंतपणात गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्या घावानंतर त्यांच्या गाण्यात करुणा भरून आली, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे अनेकजण म्हणतात. दुःखाचा आणि सुराचा असा थेट हिशेब मांडायला मी थोडा बिचकतो. पण कानाला जे येतं ते नाकारताही येत नाही.

ग्वाल्हेर गायकीचा स्वभाव सरळ. अस्थाई-अंतरा नीट भरायचा, आलाप, बोलतान, तान सगळं क्रमाने, सगळं मोजकं. ओंकारनाथांनी त्यात शब्दाचा अभिनय आणला. एकच ओळ ते दहा प्रकारे विचारत, कधी विनवत, कधी रागावत, कधी अगदी पुटपुटत. आवाज गर्जनेपासून कुजबुजीपर्यंत फिरे. मीरेचं जोग्याला थांब म्हणणारं भजन किंवा सूरदासाचं माखनचोरीचं पद त्यांच्या तोंडून ऐकलेली पिढी आता थकली, पण त्यांच्याशी बोललात तर अजूनही डोळे पाणावतात. उलट जे बाळकृष्णबुवांच्या परंपरेतलं गाणं ऐकून वाढले होते त्यांना हा प्रकार नाटकी वाटे. रागाच्या आधी गायक पुढे येतो, ही त्यांची तक्रार.

ही तक्रार मला पूर्णपणे खोटी ठरवता येत नाही. ओंकारनाथांच्या काही ध्वनिमुद्रणांत शब्दाचा अभिनय सुराला मागे टाकून पुढे निघून जातो, आणि मग राग वाट पाहत उभा राहतो. त्यांच्या नीलांबरी रागात मात्र तसं होत नाही. तिथं भाव आणि स्वर एकाच श्वासात येतात. म्हणजे एकाच गायकाचा एकच बदल एका ठिकाणी फळला, दुसऱ्या ठिकाणी फसला. नाराज श्रोत्याने हे एवढं केलं तरी पुरे आहे, की सगळ्या बदलाला एकाच शिक्क्याखाली न टाकता तो एकेक चीज ऐकेल.

विष्णु दिगंबरांचे आणखी एक शिष्य होते, बी. आर. देवधर. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांची संगीतशाळा. नवं ऐकायची, विचारायची, तपासायची खोड असलेला माणूस. 1936 साली मुंबईत जिना हॉलमध्ये एका संगीत परिषदेत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला आणि सभागृह वेडं झालं. मुलाचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणीच एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटलं आणि तेच नाव राहिलं. हा मुलगा त्याच वर्षी देवधर मास्तरांकडे शिकायला आला.

हा मुलगा लोकांना का आवडला होता? तो अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी गाई. फैयाज खाँसाहेबांचीही गाई. त्या काळच्या थोरामोठ्यांच्या तबकड्या त्याच्या गळ्यात जिवंत होत, श्वासासकट, खाकरण्यासकट. म्हणजे श्रोत्यांनी ज्या कुमारवर पहिलं प्रेम केलं, त्या प्रेमात कुमार स्वतः फारसा नव्हताच. लोकांना आपले आधीचेच आवडते गवई एका लहान मुलाच्या गळ्यातून परत मिळत होते. देवधर मास्तरांनी काय केलं? त्यांनी मुलाला रागाचा विचार करायला शिकवलं, निरनिराळ्या घराण्यांच्या चिजा दिल्या आणि नकलेच्या टाळ्यांमधून बाहेर काढलं. कुमारांनी पहिला अपेक्षाभंग केला तो इथे, स्वतःचं गायला लागून.

दुसरा अपेक्षाभंग शरीराने केला. 1947 साली कुमारांचं भानुमतींशी लग्न झालं आणि लगोलग क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी माळव्यातलं देवास निवडलं. ते देवासला पोहोचले तो दिवस 30 जानेवारी 1948, गांधीजींच्या हत्येचा दिवस. पुढची चार-पाच वर्षं अंथरूण. गाणं बंद, मोठ्याने बोलणंही बंद. भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवलं. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्यानं जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झालं. या काळात खिडकीतून येणारी बायकांची गाणी, फिरत्या नाथपंथी भजनीकांची निर्गुणी पदं, एवढंच त्यांच्या कानी पडत होतं. ऐकायला कुमारांइतका तल्लख कान, आणि गायला परवानगी नाही.

1952-53च्या सुमाराला ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा लोकांना जुना कुमार हवा होता. तो आला नाही. आला तो छोट्या छोट्या वाक्यांत गाणारा, मध्येच थांबणारा, एकदम वरच्या सुरावर झेप घेऊन तिथून सोडून देणारा गवई. लांब दमसासाची आलापी करायला फुप्फुस एकच. त्यांनी ती उणीव झाकली नाही. श्वास जिथे संपतो तिथेच वाक्य संपेल अशी रागाची मांडणी त्यांनी केली, आणि मधल्या रिकाम्या जागेला अर्थ दिला. माळव्याच्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसली. त्यांतून मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, मधसुरजा, संजारी असे राग उभे राहिले. 1965 साली मौज प्रकाशनाने त्यांच्या चिजांचं ‘अनूपरागविलास’ छापलं. पावसाच्या गाण्यांचा ‘गीतवर्षा’, सूर-कबीर-मीरेची ‘त्रिवेणी’, ‘तुकाराम दर्शन’ असे कार्यक्रम आले. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने गांधी मल्हार आला.

आणि तक्रारीही आल्या. कुमारांना विलंबित जमत नाही. हे झटके आहेत, ही गायकी नाही. घराणं कुठलं यांचं? लोकगीतं बैठकीत कशाला? राग जुळवायचे कशाला, आहेत ते नीट गा. पुण्यामुंबईत घरोघरी यावर वाद झाले, मित्रामित्रांत अबोला झाला. पु. ल. देशपांड्यांसारखी माणसं कुमारांच्या बाजूने ठामपणे उभी राहिली, आणि वामनराव देशपांड्यांसारख्या समीक्षकांनी या नव्या गाण्याचं शास्त्र काय, ते शोधायचे कष्ट घेतले. पण ज्यांनी पाठ फिरवली तेही अडाणी नव्हते. त्यांतल्या अनेकांनी भास्करबुवा बखल्यांच्या शिष्यांना ऐकलं होतं, रामकृष्णबुवा वझ्यांना ऐकलं होतं. त्यांच्या कानांना रागाच्या सलग बढतीची सवय होती. वीट वीट रचत जाणारं गाणं त्यांना हवं होतं आणि कुमार त्यांना एकदम कळस दाखवत होते. त्यांचं दुःख खरं होतं. जे सुख त्यांना मैफलीतून मिळत आलं होतं ते या मैफलीतून मिळत नव्हतं, एवढं साधं आणि एवढं मोठं ते दुःख.

‘अनूपरागविलास’ निघालं त्याच 1965मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकगीतगायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याला हुर्यो मिळाली. पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या मैफलीत एका श्रोत्याने त्याला उद्देशून ज्यूडास अशी हाक मारली, म्हणजे विश्वासघातकी. दोघांची तुलना फार ताणू नये, गाणी वेगळी, समाज वेगळे. पण श्रोत्याने वापरलेला आरोप बघा. बेसूर म्हटलं नाही, कंटाळवाणा म्हटलं नाही. दगा दिलास, असं म्हटलं. कुमारांवर चिडणाऱ्यांच्या बोलण्यातही हाच सूर असे. आम्ही तुला लहानपणापासून डोक्यावर घेतलं, आणि तू हे दिलंस?

या ‘आम्ही तुला’मध्ये मालकी आहे. ती आपल्या मराठी रसिकांमध्ये जरा जास्तच आहे, आणि तिचा सगळ्यांत मोठा दाखला बालगंधर्वांचा आहे. या दाखल्यावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण बदलणाऱ्या कलावंताची चर्चा आपण पुष्कळ करतो. ज्याला आपण बदलू दिलं नाही त्याचं काय झालं, हे सहसा बोलत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 1888. भास्करबुवांची तालीम. 1905मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, 1911मध्ये ‘मानापमान’ची भामिनी, 1913मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, 1916मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, 1919मध्ये ‘एकच प्याला’ची सिंधू. बडोद्याच्या गायकवाडांचा आश्रय त्यांना होता, म्हणजे या आपल्या गुजरातेतल्या मराठी दौलतीचाही त्या वैभवात वाटा आहे. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, थिरकवा खाँसाहेबांचा तबला. अत्तराचे फवारे, भरजरी शालू. एका पिढीने सौंदर्य म्हणजे काय ते या माणसाकडून शिकलं. बायकांनी साडी नेसायची तऱ्हा त्यांच्याकडून घेतली.

मग बोलपट आला. कंपनीवर कर्ज होतंच. 1935 साली प्रभातने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला आणि त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले. सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष पुरुषाची भूमिका करत होता. वयाला शोभेल, गळ्याला शोभेल, अभंगाची परंपरा मराठी माणसाच्या हाडात असलेली. पण प्रेक्षकांचा जीव रमला नाही. त्यांना एकनाथ नको होता, रुक्मिणी हवी होती. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पडद्यावर स्त्री झाले. कॅमेरा जवळ येतो, वय लपत नाही, तेही चाललं नाही. ते रंगभूमीवर परतले आणि पन्नाशी उलटल्यावरही शालू नेसून उभे राहत गेले. आवाज थकला, शरीर सुटलं, पुढे पाय गेले. लोक येत, जुन्या आठवणींना हात जोडत, आणि बाहेर पडताना कुजबुजत की आता पूर्वीचं राहिलं नाही. पूर्वीचंच तर मागितलं होतं ना आपण?

बालगंधर्वांनी हट्टाने स्वतःच तो मार्ग धरला, हेही खरं. कुणी त्यांच्या हाताला धरून रंगमंचावर ढकललं नव्हतं. पण एकनाथांच्या वेषातल्या त्या माणसाला महाराष्ट्राने थोडा अवधी दिला असता तर? अभंगाला वाहिलेला, साठीतला, पुरुषवेषातला बालगंधर्व आपल्याला मिळाला असता. उतारवयात त्यांनी गायलेली भजनं ऐकली की हा विचार मला फार छळतो. आवाज फाटलेला आहे, पण लयीवरची पकड आणि शब्द टाकायची ती अदब तशीच आहे. हा गवई रुक्मिणीच्या पलीकडे जाऊ शकत होता. त्याला जाऊ दिलं नाही, त्यात आपल्या आज्या-आजोबांच्या प्रेमाचा हात आहे.

साठच्या दशकात कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. लहानपणी कुणाचीही हुबेहूब नक्कल करणारा हा माणूस बालगंधर्वांची नक्कल सहज करू शकला असता आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं असतं. कुमारांनी ती केली नाही. तेच पद घेतलं, आणि बालगंधर्वांनी सूर कुठे कसा ठेवला, का ठेवला, हे स्वतःच्या गळ्यातून विचारलं. काही श्रोत्यांना हा अपमान वाटला. माझ्या मते नारायणरावांना त्यांच्या हयातीत मिळालेला हा सर्वांत खरा मुजरा होता. शालू आणि अत्तर बाजूला ठेवून कुणीतरी प्रथमच फक्त त्यांच्या गाण्याकडे पाहिलं.

आता गायिका किशोरीताई आमोणकरांचं थोडं सांगतो. मोगूबाई कुर्डीकरांसारखी आई आणि गुरू, जयपूर-अत्रौली घराण्याची कडक शिस्त. पन्नासच्या दशकात किशोरीताईंचा आवाज गेला. जवळजवळ दोन वर्षं गाणं बंद. त्या मौनातून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचं गाणं रागाच्या भावाकडे वळलेलं होतं. लय संथ झाली, आलाप लांबला, एका स्वराभोवती रेंगाळणं आलं. जयपूरवाल्यांना लयीच्या अंगाने गुंफलेली, एकसंध वीण असलेली गायकी हवी होती. ताईंनी घराणं सोडलं, अशी बोलणी सुरू झाली. 

हे बोलणाऱ्यांना एका गोष्टीचा विसर पडला होता. ज्या अल्लादिया खाँसाहेबांच्या नावाने ही शिस्त चालते, त्यांची गायकी तरी कशी जन्मली? मूळ घराणं धृपदियांचं. तरुणपणी राजपुतान्यात आमलेता संस्थानात रात्रंदिवस गाऊन त्यांचा आवाज फुटला, तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. तेव्हा त्या बिघडलेल्या आवाजाला झेपेल, आणि तरी विद्वानांची मान डोलेल, अशी पेचदार तानांची गायकी त्यांनी बांधली. ज्यांनी त्यांचा पहिला आवाज ऐकला होता त्यांनीही तेव्हा उसासे टाकले असतील. पुढच्या पिढ्यांनी त्या उपायालाच परंपरा मानलं, आणि पुढे त्याच परंपरेचा दाखला देऊन किशोरीताईंना जाब विचारला. अल्लादिया खाँसाहेबांचा गळा, कुमारांचं फुप्फुस, किशोरीताईंचं मौन. आपल्या संगीतातली तीन मोठी वळणं शरीर मोडल्यावर आली आहेत. त्या तिघांना लहर आली म्हणून ते बदलले, असं म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

मग प्रत्येक बदल डोक्यावर घ्यायचा का? मुळीच नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक, गायकाने बदलताना काय सोडलं. कुमारांनी हमखास टाळ्या सोडल्या, खऱ्यांनी मैफल सोडली, विष्णु दिगंबरांनी अख्खी इमारत जाऊ दिली. जो बदल केल्यावर श्रोते दुप्पट होतात आणि मेहनत निम्मी होते, तिथे माझे कान सावध होतात. दुसरी गोष्ट, नव्या गाण्यात जुन्याइतकीच कडक शिस्त आहे का. कुमारांची छोटी वाक्यं विस्कळीत वाटतात, पण त्यांची मालवती पुन्हा पुन्हा ऐका, एकही सूर सैल सापडत नाही. या दोन गोष्टी पाहायला वेळ लागतो. एका मैफलीत, पहिल्या रागाच्या भरात, त्या दिसत नाहीत. सहा महिने, वर्ष ऐकत राहिल्यावरही नाही पटलं, तर श्रोत्याने खुशाल नाही म्हणावं आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांकडे परत जावं. त्या कुठे पळून जात नाहीत. ज्या श्रोत्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्यावर गायकाने काय विसंबावं?

हे सगळं पुण्यामुंबईच्या बैठकीचं झालं, आता इथलं सांगतो. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची घरं लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसऱ्यात आहेत, आणि मूळ गावं धुळे, जळगाव, नंदुरबारकडे. तापी तिकडूनच इकडे येते, आणि उधन्याहून जळगावला जाणारी गाडीही तिच्याच खोऱ्यातून जाते. मागावर बारा बारा तास उभं राहणाऱ्या माणसांनी या शहरात खानदेशची अहिराणी बोली जिवंत ठेवली आहे. श्रावणात कानबाई देवी बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर जागरण होतं, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. गेली काही वर्षं त्या मिरवणुकीत डीजे आला. अहिराणी गाण्यांना मोठा ठेका आला, मोबाइलवर ती लाखोंनी ऐकली जाऊ लागली. आणि घरोघरच्या म्हाताऱ्या बाया नाराज आहेत. आमच्या जागरणाचं गाणं हे नव्हे, असं त्या म्हणतात. सून सासूला जुनाट म्हणते, नातू कानात बोळे घालतो.

कुमारांवर रुसलेल्या पुणेकरांत आणि कानबाईच्या रात्री कोपऱ्यात गप्प बसलेल्या या आजींत मला फरक दिसत नाही. तेच दुःख आहे आणि तेवढ्याच आदराचं आहे. पुणेकरांच्या बाजूने ग्रंथ लिहिले गेले, आजींच्या बाजूने कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. ही नवी गाणी करणाऱ्या पोरांच्या बाजूनेही बोलायला हवं. जन्म सुरतेत, शाळा गुजरातीत किंवा हिंदीत, आणि तरी ती गाणी अहिराणीत करतात, ही साधी गोष्ट नाही. त्यांच्या ठेक्यात उद्या काय उगवेल ते आज सांगता येत नाही. ठेका मला स्वतःला फार गोंगाटी वाटतो, पण त्यांच्या शब्दांत अधूनमधून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्याची वळणं ऐकू येतात, आणि मी थांबून ऐकतो.

एक फरक मात्र आहे, आणि तो गंभीर आहे. कुमारांचा बदल ज्यांना नको होता त्यांच्यासाठी जुन्या तबकड्या होत्या. बालगंधर्वांच्याही होत्या. कानबाईच्या जागरणाच्या गाण्यांच्या तबकड्या कुणी काढल्या नाहीत. आजी गेल्या की ती चाल गेली. मग नातवाने पुढे कधी वळून पाहायचं म्हटलं तरी पाहायला मागे काही उरणार नाही.

म्हणून या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपुढे मी एक काम ठेवतो. येत्या श्रावणाच्या आधी लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांमधून सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडे जा. चांगला ध्वनिमुद्रक घ्या, मोबाइल नको, पंख्याचा आणि मागाचा आवाज त्यात फार शिरतो. कानबाईची, आखाजीची, जात्यावरची, जी येतील ती सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्या. मध्ये त्या विसरल्या तर थांबा, शेजारीण आठवण करून देईल, तेही मुद्रणात राहू द्या. प्रत्येकीला विचारा, हे गाणं कुणाकडून शिकलात, कुठल्या गावात, लग्नाआधी की नंतर. आणि सोबत डीजे वाजवणारी दोन पोरं न्या. यंत्र चालवायला ती आपल्यापेक्षा हुशार आहेत. शिवाय त्यांच्या आज्यांनी रात्री बारानंतर, सगळे थकल्यावर, कुठला सूर लावला ते त्यांनी समोर बसून एकदा तरी ऐकलेलं असेल. पहिल्या मुद्रणाचा खर्च मी देतो. यादी उद्या सकाळी करू या.